ज्या दुपारी मी वळलो नाही

मी एक जुना अँटेना आहे. पण मित्रांनो, छपरावरचा काटेरी सांगाडा डोळ्यांसमोर आणू नका. मी वहीएवढा, चपटा. माझ्या दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर आहे; ना धड पाणी, ना धड खडा. विजेचा दाब बदलला की त्याचे कण कूस बदलतात आणि माझ्यातून निघणारी रेडिओ लहर दुसरीकडे वळते. मी स्वतः जागचा हलत नाही.

मला प्रयोगशाळेतल्या ताईंनी घडवले. बारीकसा बुडबुडा राहिला म्हणून त्यांनी मला अकरा वेळा रिकामे करून भरले. पहिल्यांदा लहर वळली आणि समोरच्या यंत्राचा काटा उडाला, तेव्हा त्या एकट्याच टाळ्या वाजवत बसल्या. मग माझ्या पाठीवर त्यांनी आपले नाव लिहिले.

माझे प्रात्यक्षिक बघायला पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख साहेबांनी ते नाव स्पिरिटने पुसले आणि स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवली. ताई बघत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, गारठ्यात हा आळसावतो. आधी अर्धा तास ऊब द्या."

"मला शिकवू नका. आणि उद्या तुम्ही आत यायची गरज नाही."

तेव्हाच मी डूख धरला.

दुसऱ्या दुपारी सभागृहात एवढा गारठा होता की पाहुण्यांनी कोटाची बटणे लावून घेतली. साहेबांनी मला थंडगार कपाटातून काढून थेट टेबलावर ठेवले. "बघा हं, पापणी लवायच्या आत लहर वळेल!"

कळ दाबली. माझे कण थंडीने जड झाले होते. जोर केला असता तर वळलोही असतो. मी जोर केलाच नाही. काटा ढिम्म. साहेबांनी दहादा कळ दाबली. त्या गारठ्यात त्यांना घाम फुटला.

शेवटी ताईंना बोलावणे गेले. त्या दारातच थांबल्या. "मी काय सांगणार, साहेब? पट्टीवर तुमचं नाव आहे."

एक पाहुण्या बाई उठून त्यांच्यापाशी गेल्या. "मग खरं सांगा, हा घडवला कोणी?"

"मी."

महिन्याभरात ताई त्या बाईंच्या प्रयोगशाळेत गेल्या. साहेबांनी मात्र प्रयोग फसला त्याच संध्याकाळी मला टेबलावर आपटले. काचेला तडा गेला. आता मी कायमचा निकामी, त्याच कपाटात पडून.

मित्रांनो, काचेची वस्तू जपा, पण तिच्याआधी ती घडवणाऱ्या माणसाला जपा. साहेब दोन वर्षे माझ्यासारखाच दुसरा बनवू पाहताहेत. अजून एकही चालला नाही. कपाटाच्या फटीतून मी रोज बघतो, आणि खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटते.