मधला डबा

मी एक जुना प्रीअँप्लिफायर आहे. नाव भारदस्त, पण या घरात त्या नावानं मला कोणीच ओळखत नाही. रेकॉर्डप्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसतो, म्हणून मी 'मधला डबा'. मित्रांनो, माझं म्हणणं नीट मांडता येईल की नाही, शंकाच आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज पुढे पोचवला. स्वतःचं बोलायची सवय नाही.

रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईचा आवाज फार क्षीण असतो. तो वाढवून, सावरून पुढे द्यायचा, हे माझं काम. ते मी वर्षानुवर्षं केलं. पाहुणे स्पीकरचं कौतुक करत. मला वाईट वाटत नसे. थोडं वाटे.

मग मालकांच्या मेहुण्यांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. मला काढून त्याला थेट मोबाइल जोडला. खिडक्या थरथरल्या.

"बघा भावोजी! नवरा-बायकोच्या मध्ये शेजारी हवाय कशाला?"

"आणि मेहुणा?" मालकीणबाई पुटपुटल्या.

अहो, मोबाइलचा आवाज मुळातच दणकट असतो! पण सांगणार कोण? माझी रवानगी त्याच खोलीतल्या माळ्यावर झाली, मोडक्या छत्रीशेजारी. तिथली ओल माझ्या अंगात मुरत गेली.

एके दिवशी बाईंनी त्यांच्या शाळेच्या गायनवृंदाची रेकॉर्ड काढली. त्या स्वतः त्यात गायल्या होत्या. मेहुण्यांनी रेकॉर्डप्लेअर थेट नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. आवाज आला तो डास गुणगुणल्यासारखा.

"ताई, झिजलीय ही. टाकून दे."

"वय झालं आता," मालक म्हणाले.

"कोणाचं?" बाईंनी विचारलं.

मी वर नुसता चडफडत होतो. रेकॉर्डचा काय दोष! तेवढ्यात बाईंनी स्पीकर बंद केले आणि वाकून सुईजवळ कान नेला.

"अहो, आवाज आहे. पुढे पोचत नाहीये. तो मधला डबा काढा बरं."

मला उतरवलं, जोडलं. गाणं खोलीभर घुमलं, पण फक्त उजव्या स्पीकरमधून. डावा मुका.

"गाताना मी डावीकडे उभी होते," बाई हळूच म्हणाल्या.

"म्हटलं नव्हतं? डबाच बाद आहे!" मेहुण्यांनी वायरींना हात घातला.

असा संताप आला मला! माझ्या आवाजाच्या बटणात नुसता मळ साचला होता हो. वायरी निघण्याआधी आवाज कमी करायला म्हणून बाईंनी ते बटण फिरवलं. खर्रर्र! डावा स्पीकर खोकला. एका मुलीचा उंच सूर आला आणि गेला.

"हात काढ तिथून!" बाई भावावर कडाडल्या.

त्या अजून बटण मागे-पुढे फिरवताहेत. मित्रांनो, नुसता मोबाइलच ऐकायचा असेल, तर माझी खरंच गरज नाही, खुशाल काढा. पण काढण्याआधी एवढं बघा, की माझ्यातून कोणाचा आवाज येत होता. आणि ठेवायचंच, तर ओलीत टाकू नका.

बाई, थांबू नका. अजून थोडं फिरवा. मळच आहे तो.