रंगारीसाहेबांचा राजीनामा

२०१० चा मार्च उजाडला तरी दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या मराठी सिनेरसिक मंडळाला सरत्या दशकातला सर्वोत्तम सिनेमा ठरवता आला नव्हता. तो जानेवारीतच ठरवून महाराष्ट्र दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. मंडळात माणसं बरीच होती, पण वाद दोघांचाच होता. बाकीचे पोहे खायला येत आणि वाद ऐकून जात.

पहिले बुद्धभूषण रंगारी, मंडळाचे संस्थापक-सचिव. मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका खात्यातून अवर सचिव म्हणून आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल मिळाली आणि नावापुढचा ‘सचिव’ हा शब्द गेला. मंडळात तो शिल्लक होता. फ्लॅटच्या दारावर ‘बु. ल. रंगारी’ या पाटीखाली त्यांनी ‘सचिव, मराठी सिनेरसिक मंडळ’ अशी दुसरी पितळी पाटी लावून घेतली होती आणि रोज सकाळी ते ती स्वतः पुसत. सोसायटीतले पंजाबी शेजारी ‘सेक्रेटरी’ एवढंच वाचत आणि पाणी आलं नाही की त्यांच्याकडे तक्रार घेऊन येत. रंगारी ती ऐकूनही घेत.

दुसरे हेरंब बिवलकर. हे पुण्याचे, गुडगावच्या एका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मॉल आले, मल्टिप्लेक्स आले, पॉपकॉर्न जेवणापेक्षा महाग झालं, आणि त्यातूनच हिंदुस्थानी सिनेमा वयात आला असं त्यांचं मत होतं. महिन्यातून एकदा टोल भरून ते द्वारकेला येत, ते रंगारींशी भांडायलाच, असं त्यांची बायको सांगे.

बिवलकरांचा सिनेमा होता ‘बेसमेंट थ्री’. तीन मित्र मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते विसरतात आणि ती शोधता शोधता त्यांना आयुष्याचा अर्थ सापडतो. रंगारींचा होता ‘आवक-जावक’. जिल्हा परिषदेतला एक कारकून एक जुनं प्रकरण निकाली काढतो. तो दोन तास ते काढतच असतो.

“रंगारीसाहेब, तुमच्या सिनेमात माणूस टेबलाशी बसून नुसती पानं उलटतो हो!” बिवलकर म्हणाले.

“पानं नाहीत ती. टिपणी आहे.”

“बरं, टिपणी. पण प्रेक्षकाने काय करायचं?”

“वाचायची. कॅमेरा थांबलाय तो त्यासाठीच. शेवटचा शेरा वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

“माझ्याही आलं. जांभईने.”

हॉलमध्ये हशा पिकला. रंगारींनी तो संपू दिला.

“आणि हेरंबराव, गाडी सापडत नाही यावर सिनेमा? मी आणि आमची नंदा दर शनिवारी मॉलमध्ये तेच करतो. तिकीट न काढता.”

आता हशा दुसऱ्या बाजूने आला. अध्यक्ष अंबादास पावले यांनी दोन्ही वेळा सारखंच हसून तटस्थता राखली. त्यांच्या पत्नी द्वारकाताई पोह्यांवर खोबरं घालत होत्या. त्या राहायलाही द्वारकेतच होत्या, आणि यावर विनोद करायला मंडळात बंदी होती. तसा नियमच रंगारींनी केला होता. सर्वोत्तम सिनेमा एकमतानेच निवडावा, हाही नियम त्यांचाच, आणि त्यानेच सगळं अडलं होतं.

एरवी या दोघांचा वाद चहापाशी संपायचा. मार्चच्या बैठकीत तो संपला नाही. बिवलकर बोलता बोलता म्हणाले, “साहेब, तुम्ही निवृत्त झालात हे तुम्हाला कुणी कळवलंच नाही वाटतं. तो आदेश अजून आवकमध्येच पडलाय.”

या वेळी कुणी हसलं नाही. बिवलकरांनाही ते तोंडून निघताच कळलं. पण माफी मागायची तर आधी रंगारींनी वर बघायला हवं होतं, आणि ते सभेचं इतिवृत्त लिहीत खालीच बघत राहिले.

अशा वेळी नीलम उभी राहिली. नीलम ही रंगारींची मुलगी. जन्म दिल्लीतला, शाळा दिल्लीतली, आणि दोन वर्षांपासून द्वारकेच्याच कोर्टात वकिली. घरी मराठी बोलायची, पण कमी पडलेले शब्द हिंदीतून उसने घ्यायची आणि ते मराठीच आहेत असं समजायची. वडील आणि बिवलकरकाका एकमेकांशी बोलत नाहीत हे तिला बघवेना.

“पप्पा,” ती म्हणाली, “मला वाटतं आता राजीनामा करून टाका. बस झालं यार.”

द्वारकाताईंचा खोबऱ्याचा हात वरच थांबला.

कोर्टात नीलम रोज राजीनामे करवून घेत असे. भाडेकरू आणि मालक, दीर आणि भावजय, चेक देणारा आणि घेणारा, सगळे बाकावर बसून भांडत, मग कुणीतरी शहाणा म्हणे, ‘राज़ीनामा कर लो जी’, आणि दोन्ही बाजू राज़ी होऊन, म्हणजे आपसात समेट करून, घरी जात. तिच्या लेखी हा जगातला सगळ्यात गोड शब्द होता. नोकरी सोडण्याला ती इस्तीफा म्हणे. ती राजीनामा ‘द्या’ म्हणाली नव्हती, ‘करा’ म्हणाली होती. पण नीलमचं मराठी सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे प्रत्येकाने ते मनातल्या मनात सुधारून घेतलं.

“अगं, काय बोलतेस?” द्वारकाताई म्हणाल्या. “प्रत्यक्ष वडिलांना?”

“त्यात काय ताई? चांगलीच गोष्ट आहे. पप्पांना पण रात्री झोप लागेल.”

“नीलम,” बिवलकर खुर्चीतून उठले, “हे बघ बेटा, हा आमच्या दोघांतला विषय आहे. राजीनाम्यापर्यंत जायचं काही कारण नाही.”

“काका, मी एकट्या पप्पांना नाही म्हणत. तुम्ही पण करा. दोघांनी मिळून करायचा असतो. मी ड्राफ्ट करून देते, तुम्ही फक्त सह्या करा. म्हणजे मागाहून कुणी फिरणार नाही.”

“मी कशाचा करू? मी साधा सभासद आहे!”

“तोच तर प्रॉब्लेम आहे काका. कुणीच पहिलं पाऊल टाकत नाही.”

रंगारींनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा हळू.

“अध्यक्षमहोदय, मी राजीनामा देत आहे. तत्काळ मंजूर व्हावा.”

“साहेब, अहो काय हे!” बिवलकर ओरडले. “मी मंजूर होऊ देणार नाही!”

“तुम्हाला तो अधिकार नाही, हेरंबराव.”

“मग माझाही घ्या! मी बोललो ते चुकलंच माझं. तुमचा ‘आवक-जावक’ घ्या, हवं तर दोनदा दाखवा, पण हे नका करू.”

“तुमचा सिनेमाही वाईट नाही,” रंगारी म्हणाले. “मधला लिफ्टचा प्रसंग चांगला आहे.”

नीलमने समाधानाने सगळीकडे पाहिलं. जानेवारीपासून अडलेली माणसं एका शब्दाने बोलायला लागली होती. “बघा,” ती द्वारकाताईंना म्हणाली, “किती सोपं होतं.”

द्वारकाताईंनी तिला पोहे दिले, पण खोबरं घातलं नाही.

अंबादासरावांना इतकी वर्षं अध्यक्ष असून मंजूर करायला काहीच मिळालं नव्हतं. त्यांनी राजीनामा मंजूर केला. त्याची नोंदही रंगारींनीच घेतली, कारण ती संपेपर्यंत सचिव तेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी पितळी पाटी पुसायला गेले आणि पेचकस घेऊन परत आत आले. नीलम कोर्टाला निघताना दारावर चार भोकं होती.

“पप्पा, पाटी का काढली?”

“राजीनामा झाला ना.”

“मग काय झालं? आता तर दोन लावायला पाहिजेत!”

मुलीने पदावरून जायला सांगितलं ते रंगारींनी ऐकलं होतं, कारण मुलगी उगाच काही सांगत नाही हा त्यांचा अनुभव होता. पण ती आता वरून थट्टाही करेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बायकोला, नंदाताईंना, त्यांनी एवढंच सांगितलं, की मुलं मोठी झाली की त्यांना आपलं काय खुपतं ते आपल्याला दिसत नाही. मग ते दुधाची पिशवी आणायला गेले. खाली शेजारचे मल्होत्रा भेटले आणि पाण्याच्या मोटरबद्दल सांगू लागले. “मी आता सेक्रेटरी नाही,” रंगारी म्हणाले. मल्होत्रांनी तक्रार मध्येच थांबवली आणि ते वॉचमनकडे गेले.

बिवलकरांना आठवडा काढवला नाही. गुरुवारी संध्याकाळी मीटिंग सोडून ते गुडगावहून निघाले आणि टाय न काढताच रंगारींच्या दारात उभे राहिले. रंगारी फिरायला गेले होते.

“नीलम, मी हात जोडतो,” ते म्हणाले. “माझ्यावर राग असेल तर मला बोल, पण बाबांचं पद त्यांना परत मिळू दे. त्या माणसाकडे दुसरं आहे काय?”

“कोणतं पद, काका?”

“कोणतं म्हणजे? ज्याचा राजीनामा द्यायला लावलास ते!”

“मी कुठे द्यायला लावला? मी करायला लावला. थांबा, ड्राफ्ट तयारच आहे, तुमची सही पाहिजेच होती.”

तिने आणलेला कागद बिवलकरांनी तिथेच, चपलांच्या रॅकपाशी वाचला. उभय पक्षांमध्ये बडे-बुजुर्गांच्या समक्ष व कोणत्याही दबावाशिवाय आपसात राजीनामा झाला असून, ‘आवक-जावक’ व ‘बेसमेंट थ्री’ यांबाबत यापुढे कोणताही पक्ष दावा वा प्रतिदावा करणार नाही, आणि पूर्वीप्रमाणे चहा घेतला जाईल.

बिवलकरांनी तो दोनदा वाचला आणि रॅकवरच बसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. नंदाताई पाणी घेऊन धावल्या.

मराठीत राजीनामा म्हणजे काय, हे कळल्यावर मात्र नीलम हसली नाही. रंगारी आले तेव्हा ती दारातच होती.

“पप्पा, तुम्हाला वाटलं मी तुम्हाला इस्तीफा द्यायला सांगितला? सगळ्यांसमोर?”

“हो.”

“आणि तुम्ही दिला? मला ओरडला पण नाही?”

“तू वकील आहेस. विचार करूनच बोलत असशील.” रंगारींनी तिच्या हातातला कागद घेऊन वाचला आणि खिशातून पेन काढलं. “‘बडे-बुजुर्ग’ नाही, ‘ज्येष्ठ’ लिही. आणि हा समझोता आहे. वर मोठ्या अक्षरांत समझोता लिही.”

दोघांनी सह्या केल्या. चहा झाला. मग बिवलकरांनी स्पीकर लावून अंबादासरावांना फोन केला आणि सगळा घोळ सांगितला.

“अरेरे,” अंबादासराव म्हणाले. “पण मी मंजूर केला ना. आणि ही बसली सुद्धा कामाला.”

“ही म्हणजे?”

“द्वारका. प्रभारी सचिव. एकमताचा नियम तिने सोमवारीच काढून टाकला. सगळ्यांना फोन करून मतं घेतली. सिनेमा ठरला, हॉल ठरला, मेनू ठरला.”

“कुठला सिनेमा?” दोघांनी एकदमच विचारलं.

“‘चौथी सून’.”

‘चौथी सून’ इतका रडका होता, की दहा वर्षांत या दोघांचं एकमत झालं असेल तर ते त्याला विरोध करण्यावरच.

महाराष्ट्र दिनाला हॉल कधी नव्हे तो भरला. एरवी न येणाऱ्या बायका आल्या, सासवांना घेऊन आल्या, मल्होत्राही सहकुटुंब आले. द्वारकाताई पहिल्या रांगेत कडेला, सचिवांच्या खुर्चीवर होत्या. रंगारी आणि बिवलकर शेवटच्या रांगेत, मध्ये चिवड्याचा डबा, आणि बाजूला नीलम.

इतकी वर्षं सिनेमा चालू असताना रंगारी उभे असत. दार, पंखे, कुणाचा मोबाइल वाजतो ते बघत. बसून सिनेमा बघायची त्यांना सवय नव्हती. पहिली दहा मिनिटं ते पंख्यांकडेच बघत होते. मग पडद्यावरच्या सासूने दुधात काहीतरी मिसळलं.

“ते दूध ती स्वतःच पिणार,” रंगारी पुटपुटले.

“छे, दीर पिणार,” बिवलकर म्हणाले. “पैज.”

सासूच प्यायली. रंगारींनी इतक्या जोरात टाळी दिली की पुढच्या दोन रांगा मागे वळल्या.

“मागे कोण बोलतंय?” द्वारकाताईंचा आवाज आला. “सभासदांनी शांतता राखावी!”

हे वाक्य मंडळाला पाठ होतं, ते रंगारींच्या तोंडून. नीलमला ते ऐकवेना. ती वडिलांच्या कानाशी वाकली.

“पप्पा, पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राहते. पद परत मागू. या वेळी शब्द तुम्हीच लिहून द्या.”

“मी अनुमोदन देतो,” बिवलकर कुजबुजले.

रंगारींनी चिवड्याची मूठ तोंडात टाकली.

“बघू पुढच्या महिन्यात,” ते म्हणाले, आणि पडद्यावरच्या सुनेकडे बोट दाखवून हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अगं बाई, कडी लाव, नणंद आली!”