कुणाच्या रक्तातलं

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला असलं झालं नाही," नणंद मोसंबं सोलता सोलता म्हणाली. "गुणसूत्रं आईबापाकडूनच येणार ना? एकीकडून नाही तर दुसरीकडून."

पलंगावर भिंगरी झोपली होती. सहा वर्षांची पोर. औषधांनी केस गेलेले, गाल सुजलेले. रक्ताचा कॅन्सर हे शब्द घरात आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. पण मागच्या महिन्यात गुणसूत्रांच्या तपासणीत दोष निघाला आणि तेव्हापासून हे नवं सुरू झालं होतं.

भिंगरीची आई बसवर कंडक्टर. भरल्या गाडीतून दारुड्याला एका शब्दात खाली उतरवणारी बाई. पण लेकीच्या उशाशी बसून ती हे सगळं मुकाट ऐकून घ्यायची. कारण तिला स्वतःलाच वाटायचं, असेलही आपल्याकडून. तिचा एक मामा लहानपणीच गेला होता. कशाने, ते कुणी सांगितलंच नव्हतं. नवरा पाण्याचे मीटर बघायच्या नोकरीत होता. बहीण बोलायला लागली की तो खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा. आताही तिथेच होता.

"आणि दुसऱ्या मुलाचा विचार तर करूच नका," नणंद म्हणाली. "तेही असंच निघालं म्हणजे?"

कंडक्टरबाई उठली आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. नवरा मागोमाग आला.

"हे माझ्याकडून आलंय का? स्पष्ट सांगा."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून नाही, यांच्याकडूनही नाही. तिच्या हाडांतल्या मज्जेत एका पेशीत दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटले आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटले. त्या पेशीपासून हा रोग वाढला. बाकीच्या शरीरात तो दोष आजही नाही."

"कशानं झालं मग?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. हा प्रकार चिवट आहे. पूर्वी यातली फार थोडी मुलं वाचायची. आता त्यावर नेमकी गोळी निघालीय, म्हणून आशा धरायला जागा आहे. खात्री मात्र मी देणार नाही." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "हे सगळं मी यांना रिपोर्ट आला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही ड्यूटीवर होतात."

बाहेर जिन्यापाशी आल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"तुला माहीत होतं."

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"सांगणारच होतो मी."

"कधी?"

तो कठड्यावर नख घासत राहिला. "ताईनं तुझं नाव घेतलं, तेव्हा वाटलं, असू दे. गप्प करायला गेलो, तर ती दुसरंच काहीतरी काढेल. माझ्यावर येईल. मला सहन झालं नसतं गं."

"आणि मला झालं?"

तिने पदर कमरेला खोचला.

"आत चल. बहिणीला सांग. माझ्यासमोर."

त्याने सांगितलं. फरशीकडे बघत, निम्मे शब्द गिळत. नणंद मोसंबाच्या फोडी सुट्या करत राहिली.

"मला काय कल्पना? मी आपली काळजीपोटी बोलले," ती म्हणाली.

"ते मोसंबं तिथे ठेवा," कंडक्टरबाई म्हणाली, "आणि निघा."

भिंगरी वाचली. गोळ्या, सुया, दोनदा तर सगळ्यांनी आशा सोडली होती, पण वाचली. शाळेत जायला लागली. राग मात्र आईच्या मनात तसाच राहिला. ती नवऱ्याचा डबा भरत होती, त्याच्याशी घरातलं बोलत होती, आणि राग होताच.

एकदा एका नातेवाइकांकडे कुणीतरी आजाराची चौकशी केली. नवरा सरसावून बसला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून तुकडे कसे तुटतात, कसे चिकटतात ते त्याने दाखवलं. "आईबापाकडून नाही येत हे," तो म्हणाला. "लोकांना माहीत नसतं. उगाच बाईला दोष देतात."

"छान समजावून सांगतात हो तुमचे मिस्टर," शेजारची बाई म्हणाली.

कंडक्टरबाई दाराशी वाकून लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने गाठ घट्ट ओढली.

"आई, दुखतंय," भिंगरी म्हणाली.

तिने गाठ सोडली, पुन्हा हलक्या हाताने बांधली आणि लेकीला घेऊन त्याच्यासाठी न थांबता बाहेर पडली.