दहापैकी शून्य

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात तर डुलकी लागेल, आणि आजची गोष्ट झोपेत ऐकण्यासारखी नाही. एका मास्तरीणबाईंनी संशोधन लिहिताना केलेल्या चुकीची गोष्ट आहे, आणि अशी चूक मास्तरीणबाईच करू जाणे.

तर या बाई सहावीच्या वर्गाला बावीस वर्षं शिकवत होत्या. पन्नाशी दिसू लागल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की शिक्षणशास्त्रातली वरची पदवी घ्यायची. शाळेने एका वर्षाची रजा दिली, दुसरं वर्ष मिळणार नाही असं बजावून. परीक्षा झाल्या, राहिला लघुप्रबंध. त्यातला मुख्य अध्याय सोमवारी तीन परीक्षकांपुढे मंजूर झाला नाही, तर पदवी गेलीच म्हणायची.

विषय छान होता: मनात प्रश्न असूनही मुलं वर्गात गप्प का बसतात? बाईंनी आपल्याच वर्गातल्या बेचाळीस मुलांना कागद वाटले होते. नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. उत्तरं आली, बाईंनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि शुक्रवारी सकाळी मार्गदर्शक मॅडमच्या टेबलावर अध्याय ठेवला.

मॅडमनी दोन पानं वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, 'गुरुजनांविषयी आदर असल्याने मी शांतपणे श्रवण करतो.' हे अकरा वर्षांचं मूल बोललं?"

"थोडं नीटनेटकं केलंय मी."

"ही मुलं आहेत की सत्काराला आलेले पाहुणे? मूळ कागद दाखवा बघू."

बाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला. मॅडमनी वरचा कागद उचलला, मग दुसरा, मग तिसरा, आणि हसता हसता त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. प्रत्येक कागदावर लाल शाई होती. उत्तरं खोडून वर 'योग्य' उत्तर लिहिलेलं, समासात गुण. क्रमांक सतराला दहापैकी शून्य, आणि खाली शेरा: पालकांना भेटायला पाठवणे.

"बिननावाच्या कागदावर पालक कुणाचे बोलावलेत, बाई?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हातात कागद आला की लाल पेनाचं टोपण आपोआप निघायचं, बावीस वर्षांची सवय. आपण काय करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या म्हणाल्या, "संपलं म्हणजे सगळं. नवीन माहिती गोळा करायला आता दिवस कुठले उरलेत?"

"नवीन कशाला? लाल शाईखालचं वाचता येतंय की. सोन्यावर चिखल उडालाय, सोनं काही पळालेलं नाही. खरी उत्तरं घ्या, अध्याय पुन्हा लिहा. आणि तुम्ही हे जे केलंत, तेही त्यात लिहा."

"मॅडम, माझी अब्रू जाईल हो."

"संशोधनात अब्रू लपवून राहत नाही, सांगून राहते. निघा आता, सोमवार काही थांबत नाही."

घरी सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कागद उजेडात धरले आणि एकेक वाचून दाखवू लागल्या. बाई टेबलाशी बसून उतरवून घेत होत्या.

"हे बघ, नंबर चार. 'विचारलं की शेजारचा म्हणतो, एवढंपण येत नाही का.' नंबर नऊ. 'बाई म्हणतात छान प्रश्न, आणि मग उत्तर देत नाहीत.'" सासूबाई चष्म्यावरून सुनेकडे बघत म्हणाल्या, "देत नाहीस?"

"तुम्ही वाचा हो, आई."

"नंबर सतरा. 'बाई म्हणतात विचारा, आणि लगेच फळा पुसतात.' अगं, पोर हुशार आहे. याला शून्य कोणी दिलं?"

"मीच."

"मग तुला किती द्यायचे?"

बाईंना आधी रडू आलं, मग त्याच रडण्यात हसू फुटलं, आणि दोघी सासवा-सुना पोट धरधरून हसल्या. त्या हसण्याने काहीतरी मोकळं झालं बघा. पहिल्या खर्ड्यात 'शिक्षण हा राष्ट्राचा पाया' वगैरे दीड पान होतं, ते बाईंनी निर्दयपणे काढून टाकलं. नवं पहिलं वाक्य असं झालं: 'बेचाळीसपैकी एकोणतीस मुलांकडे प्रश्न होता, आम्ही तो विचारू देण्याएवढं थांबलो नाही.'

उरला तो कबुलीचा परिच्छेद. देवापुढे खरं बोलणं सोपं, त्याला ते आधीच ठाऊक असतं. परीक्षकांना काही ठाऊक नसतं, तिथे जीभ अडते. बाईंनी डोळे मिटून दोन क्षण नाम घेतलं आणि लिहिलं: 'संशोधकाने सवयीने मुलांची उत्तरं दुरुस्त केली व त्यांना गुणही दिले. ज्या सवयीमुळे मुलं गप्प बसतात, ती सवय संशोधकालाही आहे.'

सोमवारी तीन परीक्षकांपुढे बाईंनी सगळं सांगितलं, शून्यासकट. मॅडम कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "काही प्रश्न असतील तर विचारा," आणि कागद गोळा करून पिशवीत भरू लागल्या.

तिघांत वयाने वडील असलेले परीक्षक ते बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हे तुमचं फळा पुसणं चाललंय का?"

बाईंचा हात पिशवीतच राहिला. मग खोलीभर जो हशा पिकला, त्यात सगळ्यात मोठा आवाज बाईंचा होता. त्यांनी कागद परत टेबलावर मांडले, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. "विचारा सर. मला काही घाई नाही." पाऊण तास प्रश्न चालले. काहींची उत्तरं आली, काहींना बाई सरळ म्हणाल्या, "हे मला माहीत नाही, शोधते." वडील परीक्षकांनी अध्यायावर सही केली ती उभं राहून.

बाईंना पदवी मिळाली, झुंडीच्या झुंडी माणसं येऊन कौतुक करून गेली. पण मंडळी, लघुप्रबंधात मार्गदर्शकाचे आभार दोन ओळींत उरकायची रीत असते, आणि त्या दोन ओळी कुणी वाचत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मॅडमची आठवण काढा. चूक दाखवताना ज्या हसल्या, आणि माणसाला खाली न पाडता ज्यांनी चूक तेवढी उचलून हातात दिली, त्यांच्यासाठी एवढं कराच.