कोणाची टाच

गिरकी अर्धी झाली असताना बाकडं यूझनच्या हातातून निसटलं आणि भिंतीवर जाऊन आपटलं. ती उचलायला धावली.

"टाच," सासरे म्हणाले. "गिरकी घेताना उजवी टाच उचलली जाते. टेकव ती."

यूझनने खाली पाहिलं. उजवी टाच चिखलात चांगली रुतून बसली होती. तरीही तिने ती आणखी दाबली, कारण सासऱ्यांशी वाद घालायचा नाही एवढं तिला कळत होतं. बाकी काय चाललंय त्याचा मात्र तिला पत्ता लागत नव्हता. बाकडं का निसटलं, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

हे बाकडं म्हणजे आपलं जेवायला बसायचंच, लांबट, अरुंद, चार पायांचं. त्याचे दोन पाय धरून ते असं फिरवायचं की समोरच्याची काठी त्यात अडकावी आणि मनगट मुरगळावं. एक रेडा बसेल एवढी जागा पुरते. शिन्ह्वाच्या त्या डोंगरात गावोगावी काही ना काही हाणामारीची विद्या होती, पण बाकड्याची ही चाल कांग कुळाचीच, आणि कांगांमध्येही ती पुरती येणारे आता म्हातारे शौथ्येन, म्हणजे यूझनचे सासरे, तेवढे उरले होते. विद्या मुलाला द्यायची. मुलगा घेत नसेल तर सुनेला. मुलीला कधीच नाही, कारण मुलगी लग्न करून जाते आणि तिच्याबरोबर विद्याही परक्या घरी जाते. तशी शपथ शौथ्येननी तरुणपणी पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे कोंबड्याचं रक्त घातलेली दारू पिऊन घेतली होती.

मुलगा देशंग लांब क्वांगतुंगला बुटांच्या कारखान्यात. वर्षाला एकदा घरी यायचा तो नुसता झोपायला. तेव्हा हे लचांड आलं सुनेच्या गळ्यात. यूझन टोफू करणाऱ्याची मुलगी. पाण्याने भरलेल्या बादल्या वाहून तिच्या दंडात ताकद होती, नाही असं नाही, पण ताकदीने काय होतंय? हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी कुळाच्या देवळात प्रत्येक घरच्या माणसाने आपली चाल करून दाखवायची असते. ज्या घराला जमत नाही, त्याचं बाकडं तिथेच ठेवून घेतात आणि विद्या दुसऱ्या घराकडे जाते. शौथ्येनचं घर सुनेपायी बुडालं असं सगळं गाव म्हणणार, या विचाराने यूझनला घास गोड लागेना.

बरं, शिकवणं तरी धड असावं! घरापुढे ऐसपैस खळं मोकळं पडलेलं, आणि हे शिकवणार कुठे, तर स्वयंपाकघराच्या मागच्या चिखलाच्या बोळात. आत नणंद लामै मिरच्या परतायची, त्याचा ठसका बाहेर यायचा, यूझनच्या डोळ्यांतून पाणी. तिने दाराला पाठ करायची आणि ते तिच्यासमोर, दाराकडे तोंड करून. दार लोटून घेऊ का म्हणून तिने विचारलं तर म्हाताऱ्याने साफ नाही म्हटलं. बोलणंही एवढं मोठ्याने, की यूझन जणू पलीकडच्या डोंगरावर उभी आहे. एकदा तिने बाकडं स्वतःच्याच पायावर पाडून घेतलं आणि ती अंगठा चोळत बसली होती, तेव्हा सासरे प्रसन्न होऊन म्हणाले, हं, आता जमलं.

त्यांची नजर गेली असेल म्हणून तिने मुद्दाम सुई ओवायला दिली. एका फटक्यात ओवली. मग डोकं फिरलं असेल? दुकानातल्या फोनवरून तिने देशंगला सगळं सांगितलं. तो हसला, बाबा पहिल्यापासून असेच आहेत म्हणाला, आणि धुरावर वाळवलेलं डुकराचं मांस कधी पाठवतेस ते विचारलं. लामैला विचारण्यात अर्थ नव्हता. ती मुळातच अबोल, आणि नववर्ष झालं की तिचं लग्न व्हायचं होतं, कोळशाच्या खाणीवरच्या एका मुकादमाशी. यूझन बोळातून आत आली की ती मान खाली घालून भाजी चिरायला लागायची. आपली कीव येत असेल तिला, असं यूझनला वाटायचं.

शरदातल्या एका सकाळी मिरचीचा ठसका इतका जोरात लागला की भर गिरकीत यूझन खोकत उलटी वळली आणि तिचं तोंड दाराकडे झालं. आत, चूल आणि पाण्याच्या रांजणाच्या मधल्या जागेत, लामै स्वयंपाकघरातलं बाकडं धरून गिरकी घेत होती. तिची उजवी टाच उचललेली होती.

"टाच," पाठीमागून सासरे म्हणाले.

लामैची टाच खाली आली. बाकडं तिच्या कमरेभोवतून सरकन फिरलं आणि आवाज न करता थांबलं. मग तिला यूझन दिसली. तिने बाकडं खाली ठेवलं, त्याच्यावर बसली आणि पुढ्यात मिरच्या ओढून चिरू लागली.

यूझनला आधी हसू आलं. मग रडू आलं. मग राग आला, आणि तो काही जाईना. वसंतापासून रोज पहाटे उठून ती चिखल तुडवत होती, अंगभर काळेनिळे डाग मिरवत होती, रात्री अंथरुणात स्वतःला ठोंबी म्हणून घेत होती, आणि इथे तिला कोणी शिकवतच नव्हतं! नुसता पडदा म्हणून उभं केलं होतं. म्हाताऱ्याने शपथ मोडली नव्हती असंही म्हणता येत होतं, कारण तो तोंडाने सुनेलाच तर सांगत होता. पण हे असलं कुळातल्या लोकांना सांगून बघा म्हणावं.

आणि नेमके त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर, थोरले काका आले. शौथ्येनचे चुलत भाऊ, कुळाचे प्रमुख. पाइप ओढत मागच्या बोळातच येऊन बसले. सुनेची प्रगती बघायची म्हणाले. त्यांच्या नातवालाही हीच विद्या हवी होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. यूझन चहा घेऊन गेली तेव्हा वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. एकदा बोललं की म्हाताऱ्याला देवळाची पायरी बंद, आणि आपण सुटलो या बाकड्यातून.

"काका, एक सांगायचं होतं."

"आधी कर, मग सांग," थोरले काका म्हणाले.

तिने बाकडं उचललं. गिरकीपाशी आली, आणि सवयीने, दुसरं काय, सासऱ्यांच्या तोंडून गेलं, "टाच."

थोरल्या काकांनी तोंडातला पाइप काढला.

"शौथ्येन, हिची टाच तर टेकलेली आहे. तू सांगतोयस कोणाला?"

सासऱ्यांचे कान लाल झाले. आयुष्यात कधी थाप मारलेली नाही अशा माणसाला ऐन वेळी ती कुठून सुचणार? आत सुरीचा आवाज थांबला. थोरल्या काकांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"मलाच," यूझन म्हणाली. "तुम्ही बसलाय ना, म्हणून आज धास्तीने टेकली. एरवी रोज उचलते. बोलून बोलून बाबांच्या तोंडात बसलंय ते."

"उचलते? बघू कशी उचलते."

यूझनने पुन्हा गिरकी घेतली. सकाळी पाहिली होती तशी हुबेहूब टाच उचलली, आणि बाकड्यासकट चिखलात आडवी झाली. थोरले काका खोखो हसले. देशंगने काय बघून ही आणली, टोफू ढवळणाऱ्या हाताला बाकडं कशाला द्यायचं, असं बरंच बोलले. हिवाळ्यात हिला देवळात आणून घराण्याचं हसं करू नकोस, माझा नातू आहे तयार, असं शौथ्येनना बजावून ते उठले. जाता जाता यूझनकडे वळले.

"तुला काय सांगायचं होतं गं पोरी?"

"काही नाही. आणखी चहा हवा का, तेवढंच विचारायचं होतं."

ते गेले. यूझन चिखलातच बसून राहिली. हे आपण काय केलं आणि कोणासाठी केलं, ते तिचं तिलाच कळेना. म्हाताऱ्यासाठी तर नक्कीच नाही, त्याचा राग अजून तसाच होता. लामैने तरी तिच्यासाठी आजवर काय केलं होतं?

सासऱ्यांनी बाकडं उचललं, बाहीने पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"तुझा डावा कोपर आत येतो," ते म्हणाले. आवाज एवढा हळू की आधी तिला वाटलं, स्वतःशीच बोलतायत. "पहिल्या दिवसापासून येतोय."

म्हणजे दिसत होतं त्यांना. रोज दिसत होतं, आणि रोज त्यांनी ते तसंच जाऊ दिलं होतं.

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

तिला वळसा घालून ते पलीकडे गेले आणि दाराकडे पाठ करून तिच्यासमोर उभे राहिले. दारात लामै येऊन थांबली होती, हात रिकामे, ती सासऱ्यांच्या खांद्यावरून यूझनकडे बघत होती.

यूझन उठली. बाकड्याचे पाय धरले.

"कोपर बाहेर," सासरे म्हणाले.

तिने काढला.

"अजून."