दुसरा साक्षीदार

उल्याना हसत हसत सांगून मोकळी झाली, आणि सारोल्ताच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अहो बाई, तो शब्द आमच्यात नाहीच! मीच बनवला होता. तीन दिवस ठाण मांडून बसला होतात लेनिनग्राडला माझ्या खोलीत. 'आठव ना गं, आजी काहीतरी म्हणत असेलच!' वर ते तुमचं सॉसेज खाऊ घालत होतात. आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. मग दिला एक शब्द!"

बत्तीस वर्षांनी ही सैबेरियातल्या मान्सी जमातीची बाई हंगेरियनच्या सोयऱ्या भाषांच्या परिषदेसाठी बुडापेस्टला आली होती; मान्सी ही त्यातलीच एक. जुनी ओळख म्हणून सारोल्ताच्या स्वयंपाकघरात बसून खसखशीचा गोड रोल खात होती. तिच्या लेखी ती तरुणपणीची गंमत होती.

हंगेरियन माणूस कुत्र्याला 'कुत्या' म्हणतो. शब्द कुठून आला, कुणाला ठाऊक नाही. हिंदुस्थानातही जवळपास असंच म्हणतात म्हणे, पण कानाला सारखं लागलं म्हणून सोयरीक जुळत नाही. सारोल्ता आणि वेंडेल तेव्हा व्युत्पत्तिकोशाच्या कामाला समोरासमोरच्या टेबलांवर होते. वेंडेलचं म्हणणं सरळ होतं. लोक कुत्र्याला 'कुत्य, कुत्य' करून बोलावतात, त्यातूनच झाला असेल. नाहीतर 'मूळ अज्ञात' लिहा आणि पुढे चला. सारोल्ताला 'अज्ञात' म्हटलं की अंगावर काटा यायचा. सैबेरियात जायला परवानगी नव्हती, म्हणून ती लेनिनग्राडला शिकणाऱ्या मान्सी पोरांकडे गेली आणि जुळता शब्द घेऊन आली. भर सभेत तिने वेंडेलची पार धूळधाण केली.

त्यानंतर वेंडेल व्हरांड्यात दिसला की कुणीतरी जिभेने चुकचुकायचं, "कुत्य, कुत्य!" सारोल्ताने कुणाला गप्प केलं नाही. एकदा तर तीही हसली. वर्षभरात तो राजीनामा देऊन बेकेशच्याबा गावच्या शाळेत मास्तर झाला. विभागप्रमुखाची खुर्ची सारोल्ताला मिळाली. फुकटची खुर्ची, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोशाच्या संस्थेत जाऊन चिठ्ठ्यांचा 'क'चा खण ओढला. कोशाचा नियम कडक होता: एका तोंडचा शब्द घ्यायचा नाही, चिठ्ठीवर दोन बोलणाऱ्यांची नावं हवीत. पिवळ्या चिठ्ठीवर दोन नावं होती. पहिलं उल्यानाचं, दुसरं पावेलचं, लेनिनग्राडच्याच दुसऱ्या मान्सी पोराचं.

पावेलला तिने विचारलं होतं, हे खरं. त्याने मान हलवली होती. नाही, असला शब्द कधी ऐकला नाही. तरी तिने त्याचं नाव लिहिलं होतं, परतीच्या गाडीत, आपल्याच हाताने. उल्यानाने निदान पाहुणचारापायी थाप मारली होती.

नवी आवृत्ती शुक्रवारी छापायला जायची होती. पावेल केव्हाच वारला होता, उल्याना सोमवारी परत जाणार होती. गप्प बसली असती तर काहीही बिघडलं नसतं. सारोल्ताला स्वतःची किळस आली. तिने वेंडेलला फोन लावला.

"मी सारोल्ता."

पलीकडून वेंडेलचा आवाज आला. "बोल."

तिने सगळं सांगितलं, पावेलचंही.

"मान्सीत तो शब्द नाही, याला पुरावा?" वेंडेलने विचारलं. "एका तोंडचं चालत नाही, सारोल्ता. विसरलीस?"

"दोघी आहोत. उल्याना आणि मी."

"मग लिही. 'मूळ अज्ञात.'"

"लिहिते. आणि प्रस्तावनेत सगळं खरं खरं सांगते. तुझं बरोबर होतं, हेही."

"खाली सही कुणाची?"

सारोल्ता गडबडली. "संपादक म्हणून... माझीच असते."

वेंडेल हसला. ते हसू तिने बत्तीस वर्षांपूर्वी ऐकलेलं नव्हतं.

"वा! तेव्हा हुशारीचं कौतुक तुझं, आता प्रामाणिकपणाचंही तुझंच. लोक म्हणतील, काय मोठ्या मनाची बाई!"

"वेंडेल, मी काय करू, तू सांग."

"मला कशाला विचारतेस? मी बोलावल्यावर येणारा प्राणी. या वेळी नाही आलो, एवढंच."

त्याने फोन ठेवला. सारोल्ताने कोरी चिठ्ठी घेतली, 'मूळ अज्ञात' लिहिलं, आणि खाली सही केली. दुसरं कुणाचं नाव लिहायचा तिला हक्कच उरला नव्हता.