पाना कुठे ठेवली?

आमची इरावती माझ्याशी मराठी बोलत नाही. मी विचारायचं, "जेवलीस का?" आणि तिने म्हणायचं, "येस, बाबा." बहारीनमध्ये वाढलेल्या पोरांचं हे असंच असतं, अशी मी मनाची समजूत घातली होती. शाळा इंग्लिश, मैत्रिणी केरळच्या नाहीतर लाहोरच्या, मराठी बोलणार कुणाशी? आणि मग मार्चमधल्या एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी गॅलरीत चहा पीत उभा असताना खालून तिचा आवाज आला, "अंकल, तो पाना कुठे ठेवली तुम्ही?"

मराठी. चुकीची, पण मराठी. आणि कुणाशी, तर अँब्रोजशी.

अँब्रोज आमचा शेजारी, मूळचा वसईचा. आम्ही सनद नावाच्या वस्तीत पहिल्या मजल्यावर राहतो आणि आमच्या गॅलरीखालीच त्याच्या बैठ्या व्हिलाचं अंगण आहे. समुद्रकाठच्या झल्लाक गावातल्या एका हॉटेलात तो अकाउंट्स बघतो. बायको ब्रेंडा सलमानियाच्या इस्पितळात नर्स. त्याच्या घरमालकाच्या खजुराच्या बागेत एक जुनी फोर-व्हील जीप कित्येक वर्षं गंजत पडली होती, ती त्याने उचलून आणली आणि अंगणात ठोकळ्यांवर चढवली. खारट हवेने पत्रा असा खाल्ला होता की दार उघडायला गेलं की कडीच हातात यायची. इरावती सहज बघायला म्हणून खाली गेली आणि तिथलीच झाली.

आता मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. पंप आणि गिअरबॉक्स सांभाळण्यात माझे केस पांढरे झाले. माझ्या मुलीला गिअरबॉक्स शिकायचाच होता तर बाप घरात बसला होता. पण नाही, ही जाणार एका हिशेबनिसाकडे, जो गिअरबॉक्समध्ये ब्रेकचं तेल ओतायला निघाला होता आणि ब्रेंडाने डब्यावरचं नाव वाचून त्याला अडवलं होतं. माझा जळफळाट झाला, सरळ सांगतो. त्यात सप्टेंबरमध्ये इरावती इथली नोकरी सोडून पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला निघणार होती. जाण्याआधीचे शुक्रवार हेच काय ते आमचे, आणि तेही अँब्रोजने खाल्ले.

गॅलरीतून सगळं ऐकू यायचं. ती म्हणायची, "बोल्ट तुटली," तो म्हणायचा, "तुटू दे बाय, दुसरा आणू." ती म्हणायची, "माझ्याला पण वेल्डिंग करायची," तो म्हणायचा, "ये, चष्मा लाव." एका शब्दाने टोकायचा नाही. अशाने पोरीची भाषा सुधारणार कशी? मी तिच्या लहानपणी काय कष्ट घेतले होते. जेवताना, गाडीत, झोपताना, एकही चूक सोडली नाही. "पाणी पाहिजेल" म्हणाली की "पाणी हवंय" म्हणेपर्यंत पेला हातात द्यायचो नाही. इथल्या किती मराठी बापांनी एवढं केलंय? आणि फळ कुणाला, तर या अँब्रोजला.

शुभदाला, म्हणजे आमच्या बायकोला, मी हे बोलून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली की त्याच्यापुढे बोलताना तिला परीक्षा दिल्यासारखं वाटत नसेल. मी म्हटलं, उगाच काहीतरी.

मे संपेपर्यंत त्यांनी सडलेला पत्रा कापून नवा जोडला, पुट्टी घासली, प्रायमर मारला, वर वाळूच्या रंगाचे दोन हात दिले. दिसायला झकास झाली होती, नाही म्हणत नाही. जूनमध्ये एका शुक्रवारी मी इरावतीला जेवायला हाक मारायला म्हणून खाली उतरलो. हाक गॅलरीतूनही मारता आली असती. टेबलावर प्रोपेलर शाफ्ट पडला होता, गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा तो लांब दांडा. त्याचे दोन भाग दात्यांवर एकमेकांत सरकवायचे असतात, आणि दोन्ही टोकांच्या बेचक्या अगदी एका रेषेत याव्या लागतात. या दोघांनी त्या तिरक्या बसवल्या होत्या. दात्यांची खूण न करताच त्यांनी शाफ्ट उघडला असणार. शाफ्टला मारलेला रंग अजून ओला होता.

मला एका नजरेत कळलं. गाडी वेगात आली की खालून अशी थरथरेल की दात वाजतील. सांगायला किती वेळ लागला असता? पण मी तोंडातून ब्र काढला नाही. मनात म्हटलं, होऊ दे याची फजिती. मग पोरगी येईल वर, म्हणेल, "बाबा, जरा बघतोस का?" तेवढंच मला हवं होतं, दुसरं काही नाही.

शाफ्ट बसला. यल्ला, चला निघू, म्हणून दोघं गाडी घेऊन झल्लाकच्या रस्त्याला गेले आणि तोंड पाडून परत आले. गाडी थरथरत होती. मी गॅलरीत शांतपणे चहा प्यायलो. आता येईल, आता येईल.

ती आली नाही. त्यांनी चाकं बॅलन्स करून घेतली, मग बेअरिंग बदललं, मग इंजिनाखालचे रबर बदलले. फोनवर व्हिडिओ लावून दोन डोकी त्याच्यावर वाकलेली असायची. आधी फक्त शुक्रवार जायचा, आता शनिवारही जायला लागला, मग ऑफिसातून आली की कपडे बदलून तडक खाली. जुलैच्या त्या घामट उकाड्यातसुद्धा. माझ्याच गप्प बसण्याने मी तिला त्या अंगणात अजून घट्ट रोवून ठेवलं होतं. तिथे तिचं बोलणं दिवसेंदिवस मोकळं होत होतं. तिने त्याला डब्लिनच्या भीतीबद्दल सांगितलं, तिथे एकटं वाटलं तर काय करायचं ते विचारलं. मराठीत. हे मला गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने ऐकावं लागलं. मला तिने कधी सांगितलं नव्हतं की भीती वाटते.

ऑगस्टच्या शेवटी अँब्रोजने हात टेकले. म्हणाला, खलास, ही गाडी काही माझ्याच्याने होत नाही, कुणी नेली तर देऊन टाकू. इरावती वर आली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. ती गाडी स्वतः चालवत समुद्रापर्यंत न्यायची, एवढंच तिने जाण्याआधी ठरवलं होतं. शुभदा माझ्याकडे बघत राहिली. तिला काही माहीत नव्हतं, पण तिचं ते बघणं मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाने घेऊन खाली गेलो. इरावती मागोमाग आली. मी गाडीखाली शिरलो, शाफ्ट उतरवला, दोन तुकडे वेगळे केले, बेचक्या एका रेषेत आणून पुन्हा सरकवले आणि बसवून टाकला. अँब्रोज गाडी घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत गेला आणि खिडकीतून हात हलवत परत आला. उतरून त्याने मला मिठी मारली. माझा शर्ट ग्रीसने भरला. इरावती हसत होती, माझ्याकडे बघून हसत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्या अंगणात कुणीतरी होतो.

"सदानंदभाऊ, कसं काय ओळखलंत?" अँब्रोजने विचारलं.

आता इथे माणसाने म्हणावं की अंदाज केला, नशीब चांगलं. पण मी बरोबर होतो, आणि बरोबर असल्याचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

"ओळखायचं काय त्यात? टेबलावर होता तेव्हाच दिसलं होतं मला. रंगसुद्धा वाळला नव्हता."

अँब्रोजचं हसू तसंच राहिलं, पण तो खाली बघून हात पुसायला लागला. इरावती माझ्याकडे वळली. मग बोलली, आणि माझ्याशी मराठीत बोलली.

"मी लहान होती तेव्हापासून तू माझी एक पण चूक सोडला नाही, बाबा. मी बोलायची बंद झाली तुझ्यासमोर. आणि जो खरंच सांगायचा होता, तो तू वरून बघत बसला? दोन महिने?"

इतकं लांब मराठी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती थांबली होती, माझ्या उत्तरासाठी थांबली होती. मला म्हणायचं होतं, चुकलो. मला म्हणायचं होतं, तू इथे बोलायचीस ते ऐकून माझा जीव जळायचा गं. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं?

"होते," मी म्हणालो. "मी लहान होते तेव्हापासून."

तिने डोळे पुसले.

"ओके, बाबा," ती म्हणाली. मग अँब्रोजकडून किल्ली घेतली, गाडीत चढली आणि इंजिन चालू केलं. अँब्रोजने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्या शेजारी जाऊन बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि झल्लाकच्या दिशेने वेग घेतला. जराही थरथरत नव्हती.